आईच्या हातातला बटणांचा फोन : एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

सावई वेऱ्याला कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला असलेल्या आमच्या घरात आई एकटी राहते. तिचे वय ७८ आहे. मी नोकरीनिमित्त पणजीला असतो आणि शनिवारी घरी जातो. मधल्या दिवसांत तिची खुशाली कळण्याचा मार्ग म्हणजे फोन. गेल्या एप्रिलमध्ये फोंड्याच्या बाजारातून ‘ज्येष्ठांसाठी खास’ असे खोक्यावर छापलेला बटणांचा फोन सव्वादोन हजार रुपयांना घेतला आणि संपूर्ण पावसाळा आईने तो वापरला. या किमतीतले आणखी तीन फोन मी त्याच दुकानात हाताळून पाहिले होते. त्यांची घडण इतकी सारखी होती की, कंपनीचे नाव सांगण्यापेक्षा या जातीच्या फोनमध्ये काय साधले आहे आणि काय राहून गेले आहे, हे सांगणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

आधी तिच्याकडे माझा जुना स्मार्टफोन होता. तो तिला जमला नाही याचे कारण तिचे विस्मरण किंवा अनास्था नव्हती. ती रोज मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते आणि सुपारीच्या मजुरीचा हिशेब तोंडी सांगते. कारण तिच्या बोटांत होते. स्पर्शाचा पडदा बोटाच्या त्वचेतून होणारा सूक्ष्म विद्युतभारातला बदल ओळखतो. वय झालेल्या, त्यात जन्मभर सुपाऱ्या सोलून टणक आणि कोरड्या झालेल्या बोटाचा स्पर्श त्याला अनेकदा कळतच नाही. मग माणूस जोर देतो, बोट जरा जास्त वेळ टेकवतो, आणि पडदा त्याला ‘दाबून धरणे’ समजून वेगळेच काहीतरी करतो. एकदा तर फोन लावण्याचे चिन्हच पडद्यावरून नाहीसे झाले होते. “पुता, हांवें कितें दामलें तेंच म्हाका कळना,” असे ती त्या दिवशी शेजारच्या फोनवरून मला म्हणाली. तिच्या आवाजातला अपराधीपणा मला फार लागला, कारण चूक तिची नव्हतीच.

या दृष्टीने नवा फोन पहिल्याच दिवशी उजवा ठरला. बटणे मोठी आहेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती उठावदार आहेत आणि दोन बटणांमध्ये नखभर अंतर आहे. दाबल्यावर ‘टक्’ असे जाणवते, त्यामुळे बटण लागले की नाही हे डोळ्यांनी तपासावे लागत नाही. पाचाच्या आकड्यावरचा टिंबाएवढा उंचवटा तिने स्वतःच शोधून काढला आणि आता ती अंधारातही माझा नंबर लावते. पडद्याखाली थेट फोन लावणारी तीन वेगळी बटणे आहेत. पहिले मला दिले आहे, दुसरे शेजारच्या काकींना. तिन्ही बटणे एकाच रंगाची असल्यामुळे पहिले आणि दुसरे यांत गोंधळ होत असे. आईने काकींच्या बटणाच्या कडेला आपल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली आणि तो प्रश्न मिटला. कारखान्यातच ही बटणे तीन रंगांची केली असती तर एक पैसाही जास्त लागला नसता.

बाजूला विजेरीची सरकती कळ आहे आणि ती फोन बंद असतानाही चालते. जुलैमध्ये संध्याकाळी वीज गेल्यावर पडवीतून गोठ्याकडे जाताना वाटेवर सरपटणारे काही नाही ना, हे पाहायला तिला ही विजेरी रोज लागली. सोबत मिळालेल्या बैठकीवर फोन नुसता उभा ठेवला की चार्ज होतो. ज्यांनी थरथरत्या हातांनी चार्जरची ती बारीक पिन खोबणीत बसवण्याची धडपड पाहिली आहे, त्यांना या एका सोयीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

आवाजाबाबत मात्र आखणी करणाऱ्यांनी अर्धाच विचार केलेला दिसतो. उतारवयात ऐकू येणे कमी होते ते सगळ्या स्वरांत सारखे होत नाही. उंच पट्टीचे स्वर आधी जातात, आणि म्हणूनच स, श, फ यांसारखी व्यंजने निसटून शब्द अस्पष्ट होतात. फोनची घंटी खूप मोठी आहे, पण कारखान्यातून आलेली धून इतकी किनऱ्या पट्टीची होती की ती अंगणातल्या मला ऐकू यायची आणि माजघरातल्या आईला यायची नाही. यादीतली सर्वांत खर्जातली धून लावल्यापासून तिचा एकही फोन चुकलेला नाही. आकडे बोलून दाखवण्याची सोय आहे, पण फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ‘छह’ आणि ‘नौ’ तिला कळतात, तरीही प्रत्येक आकड्यानंतर ती क्षणभर थांबते आणि मनातल्या मनात त्याचे सहा किंवा नऊ करते. देवनागरी वाचणाऱ्या माणसासाठी फोनची यादी (मेनू) मराठीत दिली, तर मराठी आवाज का देऊ नये?

आता मुख्य दोषाकडे येतो. या फोनमध्ये अक्षरे मोठी केली आहेत, पण आतली रचना साध्या फोनचीच जशीच्या तशी ठेवली आहे. यादीत बारा चिन्हे आहेत, प्रत्येकाच्या पोटात सहा-सात पर्याय, आणि त्यांच्याही आत आणखी. अक्षर मोठे झाल्यामुळे एका वेळी पडद्यावर तीनच ओळी मावतात, म्हणजे पूर्वी जे एका नजरेत दिसत होते त्यासाठी आता खाली-खाली सरकत जावे लागते. बँकेचा सहा आकडी संकेतांक आला तेव्हा तर कहर झाला. यादीतली अक्षरे टपोरी, पण संदेश उघडल्यावर त्यातला मजकूर बारीक, तोही काळ्यावर निळा. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते, आत पोचणारा प्रकाश घटतो आणि निळा रंग गडद पार्श्वभूमीवर उठून दिसेनासा होतो. हे ज्ञान नवे नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन रंग काळ्यावर पांढरा केला, पण संदेशाचे अक्षर मोठे करण्याची सोय कुठेच सापडली नाही. ज्या फोनवर निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश वाचता येत नाही, त्याला ज्येष्ठांचा फोन म्हणणे मला पटत नाही.

आणि चुकून दुसरीकडे गेल्यावर परत कसे यायचे? लाल बटण एकदा दाबले की कधी एक पायरी मागे, कधी थेट मुख्य पडद्यावर, आणि आणखी थोडा वेळ दाबून धरले तर फोनच बंद. एकाच बटणाचे हे तीन अर्थ आईला दोन महिने छळत राहिले. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाला फोनची भीती वाटते ती अक्षर बारीक असल्यामुळे कमी, आणि आत गेल्यावर बाहेरची वाट सापडणार नाही या धास्तीने जास्त.

हे अशक्य काम नाही. जपानमध्ये फुजित्सूने एनटीटी डोकोमोसाठी बनवलेल्या राकुराकु फोनमध्ये समोरच्या माणसाचे बोलणे किंचित संथ करून ऐकवण्याची सोय होती. अमेरिकेत २००६ मध्ये आलेल्या जिटरबग फोनमध्ये तर, उघडल्याबरोबर घरच्या जुन्या टेलिफोनसारखा डायल टोन ऐकू येई, जेणेकरून फोन तयार आहे हे माणसाला कानानेच कळावे. हे वाचले तेव्हा मला आई आठवली. घरी लँडलाइन होता तेव्हा ती रिसीव्हर कानाला लावून तो सूर ऐकायची, मान हलवायची आणि मगच बोट फिरवायची. ते फोन बनवणाऱ्या माणसांनी म्हातारपण जवळून पाहिले होते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढच्यांचे प्रमाण ११.२ टक्के होते, केरळ सोडल्यास देशातल्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. तरीही फोंड्याच्या त्या मोठ्या दुकानात असे फोन खालच्या खणात, धूळ बसलेल्या चार खोक्यांत होते. दुकानातल्या मुलाने मात्र ते न कंटाळता एकेक उघडून दाखवले, याची नोंद केली पाहिजे.

संकटाची कळ मागच्या बाजूला आहे. ती सरकवली की भोंगा वाजतो, पाच नंबरांना संदेश जातो आणि एकामागून एक फोन लागत राहतात. आम्ही दोनदा करून पाहिले. पहिल्या वेळी फोन मला लागला, पण भोंगा थांबत नसल्यामुळे आईला माझे शब्द ऐकू येईनात. दुसऱ्या वेळी आईने तो वाजत ठेवूनच ओरडून बोलायचे, असे आम्ही ठरवले. कुळागराच्या खालच्या भागात, ओहळाजवळ रेंजच नसते, तिथे या कळीचा उपयोग काकींच्या घरापर्यंत पोचणाऱ्या भोंग्यापुरताच. पाच नंबरांची जागा कारखान्यातून रिकामी येते. त्यातली एक जागा ११२ ला किंवा रुग्णवाहिकेच्या १०८ ला द्यायची, की पाचही घरच्यांना, हे घरातल्यांनी बसून ठरवावे. रिचार्ज संपला असेल तर तो संदेश जाणारच नाही, म्हणून मी वर्षभराचा एकदम भरला आहे.

बोलणे, विजेरी आणि हाताशी असलेला आधार एवढ्यासाठी हा फोन घ्यावा असे मी सांगेन. बँकेचे संदेश स्वतः वाचणाऱ्या माणसासाठी नाही. विकत घेण्याआधी आई-वडिलांना दुकानात न्यावे, आपल्या फोनवरून त्यांना एक संदेश पाठवावा आणि तो त्यांनाच उघडून वाचायला सांगावा. मी हे केले नव्हते. फोन फक्त टूजी आहे की फोरजीही, हेही खोक्यावर पाहून घ्यावे, कारण जिओचे सिम टूजी फोनमध्ये चालत नाही. बॅटरी काढता येते आणि तशीच दुसरी त्याच दुकानात मिळते. चवथीच्या आधी मी एक आणून आईच्या कपाटात ठेवली आहे.