फिनिक्सचं सेडाव वाआकी म्युझियम: शहर फिरायच्या आधी हे बघा

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला कोणी पाहुणे आले की आपण त्यांना ग्रँड कॅनियनला नाहीतर सेडोनाला नेतो आणि शहराबद्दल विचारलं की सांगतो, इथे नुसतं वाळवंट होतं, मग एसी आले, कंपन्या आल्या आणि शहर झालं. हे सांगणं बंद करा अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि त्यासाठी आधी स्वतः सेडाव वाआकीला जाऊन या. होहोकाम या इथल्या प्राचीन लोकांच्या गावाचे अवशेष जपलेलं हे म्युझियम स्काय हार्बर एअरपोर्टला अगदी लागून, वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे. आधी प्वेब्लो ग्रांदे म्युझियम नाव होतं, २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या लोकांना विचारलंत तर ते जुनंच नाव सांगतील. म्युझियम शहराच्या महापालिकेचं आहे आणि तिकीट स्वस्त आहे.

आतलं दालन छोटं आहे, खरी मजा बाहेरच्या पायवाटेवर. मधोमध मातीचा आणि दगडांचा प्रचंड मोठा चौथरा आहे, फुटबॉलच्या मैदानाएवढा, चारी बाजूंनी भिंती बांधून आत भराव घालून केलेला. वर एक खोली आहे तिची दारं अशी ठेवलीयत की वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा सूर्योदय आणि सगळ्यात लहान दिवसाचा सूर्यास्त बरोबर दारांच्या रेषेत येतो. पुढे बॉलकोर्टचा, म्हणजे चेंडूच्या खेळाच्या मैदानाचा खड्डा आहे, आणि होहोकामांची घरं कशी होती ते कळावं म्हणून तशी घरं बांधून ठेवलीयत, त्यात मुलांना आत शिरता येतं. डोक्यावरून सारखी विमानं जातात, आवाज होतो, पण पाचच मिनिटांत सवय होते.

पण मी हे लिहायला बसले ते कालव्यांसाठी. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी नगर जिल्ह्यात कालव्यांवर गेली, ते सोबत होते आणि एरवी म्युझियममध्ये अर्ध्या तासात कंटाळणारे बाबा इथून हलायलाच तयार नव्हते. होहोकाम लोकांनी सॉल्ट नदीतून शेकडो मैलांचे कालवे काढले, शेकडो वर्षं वापरले, आणि हातात काय, तर दगडी कुदळी आणि लाकडी काठ्या. बैल नाही, घोडा नाही, चाक नाही. बाबा म्हणाले, "खणणं एक वेळ जमेल गं, पण लेव्हल कशी धरली असेल? उतार कमी पडला की गाळ बसतो, जास्त झाला की काठ तुटतात." मका, घेवडा, भोपळा, कापूस, सगळं या पाण्यावर. आणि हे गाव नेमकं इथेच का, तर मोठ्या कालव्यांची तोंडं इथेच नदीला लागलेली होती, म्हणजे पाणी सोडायचा ताबा यांच्याकडे. वर्षाला जेमतेम ७-८ इंच पाऊस पडतो तिथे ज्याच्या हातात दार त्याच्या हातात सगळं, हे नगरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

साधारण १४५० च्या सुमारास हे लोक इथून गेले. पूर, दुष्काळ, जमिनी खारावणं अशी बरीच कारणं सांगतात, अभ्यासकांचं एकमत नाही. पण 'नाहीसे झाले' म्हणू नका प्लीज, त्यांचे वंशज अकिमेल ओओधम आणि तोहोनो ओओधम आजही इथे आहेत, शहराच्या वेशीवरच.

आम्ही याआधी एका टूर बसने शहर फिरलो होतो, नाव लिहीत नाही, त्यातल्या गाइडने इतिहास सुरूच केला १८६७ पासून, की जॅक स्विलिंग नावाचा माणूस आला आणि त्याने कालवा खणला. मला याचा खरंच राग येतो. स्विलिंग आला हे खरं, पण त्याला या जुन्या कालव्यांच्या खुणा जमिनीवर दिसल्या आणि त्यावरून त्याने ओळखलं की इथे पाणी खेळवता येतं. खाणवाल्यांना आणि फोर्ट मॅकडॉवेल या लष्करी तळावरच्या सैन्याला धान्य, चारा लागत होता, तो पिकवायला वस्ती झाली. १८७० च्या शिरगणतीत किती माणसं, तर २४०. आज आपण ज्या कालव्यांच्या काठी सायकली चालवतो त्यातले बरेच त्याच जुन्या मार्गांवरून जातात.

मग १९११ मध्ये रूझवेल्ट धरण झालं, शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी तारण ठेवून सरकारचं कर्ज घेतलं होतं त्यासाठी, बाबांना हे भारी आवडलं. खरी वाढ दुसऱ्या महायुद्धापासूनची. पायलट ट्रेनिंगचे तळ आले, मग मोटोरोला आली, घरोघरी कूलर आणि एसी आले. लोकसंख्या १९५० मध्ये १ लाख ७ हजार आणि १९६० मध्ये ४ लाख ३९ हजार! अर्थात सगळे बाहेरून आलेले नाहीत, त्या दहा वर्षांत शहराने आजूबाजूच्या वस्त्याच पोटात घेतल्या, हद्द १७ चौरस मैलांवरून १८७ वर गेली, आकडे बघताना हे लक्षात ठेवायला हवं. २०२० मध्ये १६ लाख ८ हजार, देशात पाचवा नंबर, आणि आजूबाजूची चँडलर, मेसा, स्कॉट्सडेल वगैरे गावं धरून ४८ लाखांवर. त्यात इंटेलमुळे चँडलरला आलेले आपण मराठी लोकही आहोतच.

एवढ्या लोकांना पाणी पुरलं ते कसं तर कापसाची आणि संत्र्यांची शेतं गेली, तिथे घरं झाली आणि शेताचं पाणी घरांना मिळालं. जुन्या काही वस्त्यांत अजूनही अंगणात कालव्याचं पाणी सोडतात, ठरलेल्या वेळी, रात्री-अपरात्री उठून दार उघडायचं, चक्क पाणीपाळी! शिवाय कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून, पंपाने चढवून आणतात. आता ती नदी आटतेय, आणि २०२३ मध्ये राज्याने सांगितलं की फक्त भूजलावर नवीन कॉलन्यांना परवानगी नाही. त्याच उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता. म्हणून मला वाटतं की इथे घर घेणाऱ्या प्रत्येकाने घराचे दर बघायच्या आधी हे कालवे बघावेत.

आता कामाचं. ऑक्टोबर ते मार्च जा, तेही सकाळी, टोपी आणि पाणी हवंच, पायवाटेवर सावली फार कमी आहे. उन्हाळ्यात उघडं असायचे दिवस बदलतात ते बघून निघा. गाडी नसेल तर लाइट रेलने ४४ स्ट्रीटला उतरून चालत येता येतं. कालव्यांचे जुने अवशेष गाइडसोबतच दाखवतात, त्याची वेळ आधी विचारून ठेवा, ते चुकवलंत तर अर्धंच बघितलंत. आणि चँडलरजवळ हुहुगाम (होहोकामांसाठी ओओधमांचा शब्द) हेरिटेज सेंटर आहे, ते गिला नदीकाठच्या ओओधम आणि पी पोश या मूळ रहिवाशांनी स्वतः उभारलंय, तिथेही जाच. वरच्या अंगाच्या वसाहतींनी गिला नदीचं पाणी वळवल्यावर या लोकांची शेती बुडाली, उपासमार झाली, आणि हक्काचं पाणी परत मिळायला २००४ चा कायदा यावा लागला.