रॉयल अकॅडमी या लंडनमधल्या कलासंस्थेची फ्रेंड्स मेंबरशिप (पैसे भरून मिळणारं सभासदत्व), घ्यावी का?
लंडनमध्ये राहत असाल आणि चित्रं बघायला आवडत असतील तर घ्याच. यांचं समर एक्झिबिशन 1769 पासून एकही वर्ष चुकलेलं नाहीये, महायुद्धातसुद्धा भरलं, 2020 ला कोविडमुळे चक्क थंडीत भरवलं (नाव तरी समरच!). कुणीही चित्र पाठवू शकतं, त्यामुळे मोठमोठ्या नावांच्या शेजारी एखाद्या हौशी माणसाने काढलेलं मांजर लटकलेलं असतं, भिंती गच्च, थोडं टुकारही असतंच पण शोधायला मजा येते, एका फेरीत तर डोकं गरगरतं, म्हणून मेंबरशिपच्या कार्डावर परत परत फुकट जाता येतं हे भारीये. शिवाय अकॅडमीच्या आर्ट स्कूलला फी नसते, त्यालाही हातभार लागतो. वर्षातून एकदाच जाणार असाल तर सरळ तिकीट काढा.