चार कप्प्यांची यूएसबी डिस्क-पेटी: हार्ड डिस्कला बिनधास्त, एसएसडीला जपून

जुन्या ध्वनिमुद्रणांचा साठा सांभाळणं हे माझं काम. त्यासाठी लिनक्स मशीनला जोडायला चार डिस्क मावणारी ही यूएसबी पेटी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतेय. अशा पेट्यांमध्ये खरं काम करते ती आतली ब्रिज चिप, म्हणजे यूएसबी आणि डिस्क यांच्यातली दुभाषी, आणि एकच चिप वेगवेगळ्या नावांच्या पेट्यांत सापडते. तेव्हा तुमच्या पेटीवर दुसरं नाव असलं तरी पुढचं वाचून ठेवा.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलंही बरंच आहे. सांगाडा धातूचा आहे. डिस्क स्क्रूशिवाय बसते आणि पंखा शेजारी बसून ध्वनिमुद्रण ऐकता येईल इतका शांत आहे. चारही डिस्कचे अनुक्रमांक मशीनला वेगवेगळे आणि खरे दिसतात. हे वाटतं तितकं साधं नाही. काही पेट्या सगळ्या डिस्कना एकच बनावट क्रमांक चिकटवतात, मग ॲरेमधली, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटातली, नेमकी कुठली डिस्क आजारी आहे ते ओळखायची पंचाईत होते. स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहितीही ही पेटी आरपार जाऊ देते. सेक्टरच्या आकारात ती ढवळाढवळ करत नाही, त्यामुळे इथली डिस्क काढून थेट साटा पोर्टला लावली तरी वाचता येते. दोन हार्ड डिस्कचा मिरर (दोन्हींवर तीच माहिती) लावून मी ती वापरत होते आणि तक्रारीला जागा नव्हती.

मग उरलेल्या दोन कप्प्यांत एसएसडी बसवल्या. लिनक्सच्या एमडीॲडमिन या आज्ञेने त्यांचा दुसरा मिरर बांधला, वर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम फॉरमॅट करायला दिली आणि ‘डिस्कार्डिंग डिव्हाइस ब्लॉक्स’ (जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवण्याचा टप्पा) या ओळीवर सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे कसं, ते नीट सांगते, कारण ‘मशीन हँग झालं’ म्हणून आपण चार वेगळ्या आजारांना एकच नाव देतो. माऊस हलत होता. नवं टर्मिनल उघडत होतं. पण पेटीतल्या कुठल्याही फोल्डरची यादी मागितली की ते टर्मिनल गेलंच. प्रोसेसर रिकामा बसलेला आणि लोड ॲव्हरेज (खोळंबलेल्या कामांचा आकडा) मात्र चढत चाललेला. लिनक्समध्ये हे दोन्ही एकत्र दिसलं, तर डी अवस्थेतल्या, म्हणजे डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळलेल्या प्रोसेस आधी मोजाव्यात. लोडच्या आकड्यात त्याही धरल्या जातात. अशा प्रोसेसला किल मारून उपयोग नसतो, अगदी नऊ नंबरचा सिग्नलसुद्धा. ती कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत झोपलेली असते आणि उठेपर्यंत सिग्नलकडे बघत नाही.

आता गंमत बघा. एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त वेळ अशी अडकली की कर्नल स्वतःहून लॉगमध्ये इशारा टाकतो. माझ्याकडे इशारा आला, पण त्यात फॉरमॅटचं नावच नव्हतं. नाव होतं जेबीडी२चं, म्हणजे जुन्या, धडधाकट मिररवरच्या फाइल सिस्टीमचं जर्नल (बदलांची नोंदवही) लिहिणाऱ्या थ्रेडचं. नवी डिस्क फॉरमॅट करताना जुना मिरर का रडतोय? याचं कारण असं की, लांबलचक डिस्क-कामाची वाट बघताना कर्नल मधेमधे जागा होऊन पुन्हा झोपतो. फुकटचे इशारे येऊ नयेत म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे डिस्कार्डच्या आज्ञेवर खोळंबलेला फॉरमॅट इशाऱ्यातून सुटतो आणि त्याच्यामुळे अडलेला बिचारा तिसराच पकडला जातो. आणखी एक खोच आहे. हे इशारे मुळात दहाच मिळतात, त्यानंतर कर्नल गप्प बसतो. लॉग शांत झाला म्हणजे दुखणं गेलं असं समजू नका.

खरा ठावठिकाणा सिसआरक्यूने, म्हणजे कर्नलला थेट हुकूम द्यायच्या सोयीने, लागला. रूट म्हणून प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत डब्ल्यू हे एक अक्षर लिहायचं. अडकलेल्या सगळ्या प्रोसेसची कुंडली डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, उतरते. कीबोर्डवरूनही हे करता येतं, पण बऱ्याच डिस्ट्रोंनी कीबोर्डची ती वाट अर्धी बंद ठेवलेली असते. फाइलीची वाट रूटला कायम उघडी. त्यातला स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी, खालून वर वाचायचा. तळाशी आयऑक्टल (प्रोग्रामने डिव्हाइसला दिलेली खास आज्ञा), त्यावर ब्लॉक-डिस्कार्डचं फंक्शन, माथ्यावर उत्तराची वाट बघत झोपलेला शेड्युलर. म्हणजे फॉरमॅटने अजून एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. ‘ही सगळी जागा मोकळी समज’ एवढंच त्याने डिस्कला सांगितलं होतं, आणि पलीकडून हूं की चूं नाही.

जुना मिरर का अडला, याचं उत्तर पेटीच्या रचनेत आहे आणि विकत घेणाऱ्याने हे आधी बघावं असं माझं ठाम मत आहे. या पेटीतल्या चारही डिस्क एकाच ब्रिजमागे, एकाच स्कझी होस्टखाली (कर्नल डिस्कशी बोलतो त्या एकाच वाटेवर) येतात. एका डिस्कची आज्ञा ३० सेकंदांत पुरी झाली नाही की कर्नल ती रद्द करायला बघतो. तेही जमलं नाही की डिव्हाइस रीसेट. या डागडुजीच्या काळात अख्खा होस्ट बंद असतो. एका खिडकीवर भांडण लागलं की मागची सगळी रांग उभी, तसा प्रकार. डीमेसेजमध्ये यूएएस (यूएसबी डिस्कला एका वेळी अनेक आज्ञा देणाऱ्या) ड्रायव्हरच्या ‘ॲबॉर्ट’ आणि ‘रीसेट’च्या ओळी एकाखाली एक पडत होत्या. शेवटी कर्नलने डिस्क ऑफलाइन केल्या. जुन्या मिररच्या दोन्ही डिस्क एकदमच गेल्या, त्यामुळे मिरर असून नसल्यासारखा. ईएक्सटी४ने जर्नल बंद करून फाइल सिस्टीम फक्त वाचनापुरती ठेवली. मुद्रणांच्या प्रती दुसरीकडे होत्या म्हणून मी हे शांतपणे लिहितेय.

दोषी शोधताना पहिला संशय एमडीवर, म्हणजे मिरर चालवणाऱ्या कर्नलच्या भागावर, येतो, कारण मिरर बांधल्या बांधल्या त्याचं रीसिंक (दोन्ही डिस्क सारख्या करणं) सुरू होतं. ते गोठवून फॉरमॅट दिला, तरी अडकला. मग एमडी बाजूला काढून एकट्या एसएसडीवर फॉरमॅट दिला, तोही अडकला. एमडी सुटला. डिस्कार्ड वगळून, म्हणजे नोडिस्कार्ड पर्याय देऊन फॉरमॅट दिला तर बघता बघता संपला. एसएसडी पेटीतून काढून थेट साटाला लावली आणि डिस्कार्डसकट फॉरमॅट दिला, तोही निमूट पार पडला. म्हणजे एसएसडीही सुटली. राहिला ब्रिज.

तो हळू चालतो की बंदच पडतो, हे ठरवायला त्याला तसाच बराच वेळ राहू देऊन बघितलं. नुसता हळू असता तर उशिरा का होईना शुद्धीवर आला असता. तो तेव्हाही तसाच मेलेला राहिला. वीज तोडून पुन्हा जोडल्याशिवाय जागा होईना. मग डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेला मोठा डी पर्याय देऊन पाहिलं, तर पेटी सांगते की एका आज्ञेत सुमारे ४ जीबीपर्यंत जागा मोकळी करायला मी तयार आहे. ही थाप आहे. हाताने डिस्कार्ड पाठवणाऱ्या ब्लॉकडिस्कार्ड आज्ञेने लहान लहान तुकडे दिले की सगळे आनंदाने पचतात, मोठा दिला की चिप आडवी.

उपाय त्यातूनच निघाला. त्या डिस्कच्या क्यू फोल्डरमधल्या डिस्कार्ड-मॅक्स-बाइट्स या फाइलीत ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी लिहायचं. त्यानंतर कर्नल मोठी मागणी स्वतःच तुकडे करून पाठवतो. मिररवर पूर्ण डिस्कार्डसकट फॉरमॅट झाला. थोडा रेंगाळला, पण जुना मिरर बाजूला खुशाल चालू होता. हा आकडा रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून पेटीचा व्हेंडर क्रमांक ओळखून तो बसवणारा यूडेव्हचा (डिव्हाइस जोडलं की नियम लावणाऱ्या सेवेचा) एक नियम लिहून टाकला. यूएएस बंद करून जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरवर पेटी चालवायचा क्वर्कही (बिघडलेल्या डिव्हाइससाठीची खास सेटिंग) आहे. तो लावून बघितला. पेटी स्थिर राहते, पण एका वेळी एकच आज्ञा जाते, त्यामुळे बारीक फाइलींचा वेग इतका पडतो की एसएसडी घेतल्याचं चीज होत नाही.

‘नोडिस्कार्डने फॉरमॅट होतोय ना, मग झालं’ असं म्हणून थांबणाऱ्यांसाठी एक सांगते. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये एफएसट्रिमचा (मोकळी जागा डिस्कला कळवणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर आठवड्यातून एकदा आपोआप चालतो, साधारण सोमवारी मध्यरात्री. तो नेमक्या याच डिस्कार्डच्या आज्ञा पाठवतो, आणि एमडीचा मिरर त्या खालच्या डिस्कपर्यंत पोचवतो. म्हणजे फॉरमॅटच्या वेळी चुकवलेली धडक सोमवारी पहाटे, भरलेल्या डिस्कवर, कुणी जागं नसताना होणार. मर्यादा घाला नाहीतर टायमर बंद करा. ऑपरेटिंग सिस्टीमच या पेटीवर ठेवली असेल तर आणखी वाईट, कारण लॉग लिहायलाही जागा उरत नाही. नेटकन्सोलने कर्नलचे संदेश दुसऱ्या मशीनकडे पाठवायची सोय आधीच करून ठेवा.

कंपनीच्या मदत-विभागाला मी स्टॅक, डीमेसेज आणि तुकड्यांच्या चाचण्या, सगळं धाडलं. उत्तर आलं की केबल बदलून बघा. केबल आधीच बदलून झाली होती, तसं कळवलं. त्यावर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर फॉरमॅट करून आणा, असा सल्ला मिळाला. फर्मवेअर अद्ययावत करायचा प्रोग्रामही लिनक्सवर चालत नाही. या बाबतीत त्यांना पाचपैकी एकच तारा, तोही उत्तर लवकर आलं म्हणून.

पेटीला मात्र तीन देते. चार हार्ड डिस्क लावायच्या असतील तर खुशाल घ्या. साध्या हार्ड डिस्कला डिस्कार्ड सहसा नसतंच, मग हा प्रश्नच येत नाही. एसएसडी लावणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत रिकाम्या डिस्कवर ब्लॉकडिस्कार्ड चालवून बघा, आणि तेव्हा पेटीत दुसरं काहीही माउंट केलेलं ठेवू नका. प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र ब्रिज असलेली पेटी परवडत असेल तर ती घ्या. यूएसबी डिव्हाइसची यादी देणाऱ्या एलएसयूएसबीला टी पर्याय दिला की झाडात चार वेगळ्या फांद्या दिसतात की एकच, ते लगेच कळतं. माझी परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती, त्यामुळे एसएसडींचा मिरर यूडेव्हच्या नियमावर चालू आहे, आणि हार्ड डिस्कचा मिरर मी वेगळ्या पेटीत हलवलाय.