५के सांगून ४के: जुन्या आयमॅकचा मॉनिटर करून घेताना झालेली फसवणूक

नाशिकला इंदिरानगरमध्ये घरातल्याच एका खोलीत मी छपाईसाठी मांडणी करून देण्याची कामे करतो. निफाड आणि दिंडोरीकडील बागायतदारांच्या द्राक्षपेट्यांवरची लेबले हे त्यातले मुख्य काम असून, त्यांवरील मजकूर इतका बारीक असतो की पडदा चांगला नसेल तर चूक थेट छापखान्यातच लक्षात येते. माझ्याकडे २०१५ च्या अखेरीस आलेल्या मालिकेतला सत्तावीस इंची आयमॅक, म्हणजे पडदा आणि यंत्र एकाच पेटीत असलेला अ‍ॅपलचा संगणक, होता. त्याचा पडदा ५१२० गुणिले २८८० ठिपक्यांचा, म्हणजे ज्याला ५के म्हणतात तो, आणि इंचाला सुमारे २१८ ठिपके असल्यामुळे रफार, अनुस्वार, वेलांटीचे टोक कागदावर उमटल्यासारखे स्वच्छ दिसे. यंत्र मात्र थकले होते. मॅकओएस या त्याच्या कार्यप्रणालीची मॉन्टेरेच्या पुढची आवृत्ती त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि मला लागणारी सॉफ्टवेअरे एकेक करून त्याला नाकारू लागली होती. तसाच पडदा नवा घ्यायचा, तर अ‍ॅपलच्या स्टुडिओ डिस्प्लेची किंमत २०२२ मध्ये भारतात १,५९,९०० रुपयांपासून सुरू झाली होती. तेव्हा विंडोजचा नवा लॅपटॉप घेऊन जुन्या पडद्यालाच मॉनिटर म्हणून कामाला लावावे, असे मी ठरवले.

नुसती केबल जोडून हे होत नाही. २०१४ च्या मध्यापर्यंतच्या अनेक आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोड नावाची, दुसऱ्या संगणकाचे चित्र आपल्या पडद्यावर दाखवण्याची सोय होती, पण ५के पडद्याच्या आयमॅकमध्ये ती कधीच दिली गेली नाही. त्यामुळे चिकटपट्ट्यांनी बसवलेली काच उघडून मदरबोर्ड काढायचा आणि पॅनेलला, म्हणजे मूळ पडद्याला, बाहेरून आलेले चित्र त्यावर उमटवणारा वेगळा कंट्रोलर बोर्ड जोडायचा, एवढाच मार्ग उरतो. हे बोर्ड दोन प्रकारचे मिळतात. काही डिस्प्लेपोर्टवरून (एचडीएमआयसारखीच चित्र वाहून नेणारी जोडणी) खरोखर ५के चित्र घेतात. आर१८११ या नावाने विकला जाणारा बोर्ड त्यांपैकी एक. बाकीचे स्वस्त बोर्ड ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे, चित्र घेतात आणि ते ताणून ५के पॅनेलवर पसरवतात. हा फरक मला तेव्हा ठाऊक असता, तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

शहराच्या मध्यवस्तीतील एका दुरुस्तीच्या दुकानात सतरा हजारांत काम ठरले. आठ हजार रुपये मी आगाऊ दिले. पावती कच्ची होती आणि तिच्यावर ‘आयमॅक कन्व्हर्जन’ एवढेच दोन शब्द होते. बोर्डचे नाव लिहा म्हणालो, तेव्हा उत्तर आले, “सर, ५केच बसवणार, लिहून काय करायचे?” मलाही ते पटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्याने बोलावणे आले. दुकानदाराने मॉनिटर स्वतःच्या संगणकाला जोडून ठेवला होता. त्याने डिस्प्लेची सेटिंग उघडून बोट ठेवले: ५१२० गुणिले २८८०. मी त्या आकड्याचा मोबाइलवर फोटोही काढला आणि उरलेले नऊ हजार तिथेच दिले.

घरी लॅपटॉपला जोडल्यावर अक्षरांच्या कडा धुरकट दिसू लागल्या. आधी मी चष्म्याला दोष दिला, मग केबलला, आणि दोन दिवस ‘र्थ’वरचा रफार अनुस्वारात का मिसळतो हे पाहत बसलो. लॅपटॉपच्या यादीत सर्वांत वरचा आकडा ३८४० गुणिले २१६० होता. दुकानदार फोनवर म्हणाला, “तुमचे ग्राफिक्स कार्ड हलके आहे सर.” असे खरेच घडू शकते, म्हणून मी लॅपटॉप घेऊन पुन्हा दुकानात गेलो आणि या वेळी त्याच्याच संगणकावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडायला लावले. तिथे डेस्कटॉप मोडपुढे ५१२० गुणिले २८८० होते, पण त्याखालच्या ओळीत, अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोडपुढे, ३८४० गुणिले २१६० असे लिहिलेले होते.

सगळी लबाडी या दोन ओळींमध्ये होती. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत डीएसआर नावाची सोय असते, तिच्यामुळे संगणक मोठे चित्र तयार करतो आणि ते लहान करून मॉनिटरकडे पाठवतो. ४के मॉनिटरवर तिचा १.७८ पटीचा पर्याय निवडला की डेस्कटॉपचा आकडा बरोबर ५१२० गुणिले २८८० होतो. म्हणजे मी फोटो काढला तो संगणकाने मनात धरलेला आकडा होता. तारेतून मॉनिटरपर्यंत ४केच पोहोचत होते. मॉनिटरच्या मागच्या बाजूला दुकानदाराने फक्त एचडीएमआयची जागा उघडी ठेवली होती, त्यावरूनही शंका यायला हवी होती. सेकंदाला ६० वेळा ५के चित्र पाठवायचे तर २१ गिगाबिटांहून अधिक माहिती वाहावी लागते, आणि एचडीएमआय २.० मध्ये चित्रासाठी १४.४ गिगाबिटच मिळतात. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये ते बसते. शिवाय ४के चित्र ५के पॅनेलवर नेताना तीन ठिपक्यांची माहिती चार ठिपक्यांवर वाटावी लागते, म्हणून सिनेमा पाहताना काही जाणवत नाही आणि बारीक अक्षर मात्र विरघळते.

असे काम करून घेणाऱ्याने पैसे देण्याआधी स्वतःचाच लॅपटॉप आणि स्वतःचीच केबल घेऊन जावे आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नलची ओळ पाहावी. एक ठिपका काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचे चित्र मूळ आकारात उघडले तर खऱ्या ५के जोडणीत रेघा सुट्या दिसतात, ताणलेल्या चित्रात त्यांचे करडे पट्टे होतात. बिलावर बोर्डचे नाव, पॅनेलचा क्रमांक (माझ्या पॅनेलचा एलएम२७०क्यूक्यू१ ने सुरू होतो) आणि ‘डिस्प्लेपोर्टवर ५के, ६० हर्ट्झ’ हे शब्द लिहून घ्यावेत.

दुसरे नुकसान मला उशिरा कळले. आतून काढलेली ३२ जीबी रॅम आणि साठवणुकीची डिस्क मी मागितली, तेव्हा “ते भंगारात गेले” असे सांगण्यात आले. चालू स्थितीतली रॅम कोणी भंगारात टाकत नाही. डिस्कवर ग्राहकांच्या फायली आणि माझी करविवरणपत्रे होती; यंत्र देण्यापूर्वी ती पुसली नाही, हा दोष सर्वस्वी माझा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. पक्के बिल नसल्याने पुरावा म्हणून कच्ची पावती, यूपीआयने दिलेल्या दोन्ही रकमांची नोंद आणि त्या दोन ओळींचा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी दुकानदाराने सहा हजार परत केले आणि रॅमच्या चारपैकी दोन पट्ट्या ‘सापडल्या’ म्हणून आणून दिल्या. डिस्क अजून आलेली नाही. तिच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज तयार करीत आहे, आणि तो याच धुरकट पडद्यावर, अक्षरे दीडपट मोठी करून टंकत आहे.