शाळेच्या ग्रंथालयासाठी रंगीत गोल स्टिकर: घ्यावेत, पण 25 मिमीचेच

पुस्तकांची विषयवार मांडणी पाचवी-सहावीच्या मुलांवर सोपवायची तर स्टेशनरीच्या दुकानातले साधे रंगीत गोल स्टिकर फार कामाचे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीचे 000 ते 999 आकडे या वयात जड जातात, रंग लगेच कळतो. गोष्टी, कविता, विज्ञान, चरित्र आणि खान्देशात अहिराणीला तिचा हक्काचा पाचवा रंग. अहिराणी ओव्या कवितेत की अहिराणीत, यावर मुलं भांडतील. भांडू द्या, त्यासाठी पुस्तक उघडावं लागतं!

19 मिमीचे घेऊ नका. 24 पानी, पिना मारलेल्या पुस्तकाला रुंद कणा नसतो. स्टिकर कडेवर दुमडून अर्धा पुढे, अर्धा मागे लावावा लागतो. छोटा तिथून सुटतो.

खरी अडचण गोंदाची. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात तो मऊ पडतो, स्टिकर सरकतो, शेजारची पुस्तकं चिकटतात. आधी कव्हर कोरड्या फडक्याने पुसा, मग 48 मिमीची पारदर्शक टेप वरून लावा. खिडकीजवळ रंग उडतो, शिवाय काही मुलांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. म्हणून टेपच्या आधी मार्करने ‘गो’, ‘क’, ‘वि’ लिहाच.

गट चौघांचा: एक विषय ठरवतो, दुसरा दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात आल्यावर त्याला दिलेला नंबर) नोंदवहीशी ताडतो, तिसरा स्टिकर लावतो, चौथा टेप. क्रमांक ताडणारा गाळला की एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींना दोन रंग लागतात.