स्ट्रूप चाचणी: छापील तक्ता की संगणक?

'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापला आणि शाईचा रंग विचारला, की जीभ अडखळते. वाचन आपोआप होतं, रंगाचं नाव मात्र शोधावं लागतं. हीच स्ट्रूप चाचणी. ती छापील तक्त्यावर घ्यावी की संगणकावर, हा प्रश्न नेहमीचा.

वेळ मोजणं: मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूपने 1935 मध्ये छापील तक्तेच वापरले. 100 रंगीत चौकोनांची नावं सांगायला सरासरी 63.3 सेकंद लागले, विसंगत शब्दांच्या (शब्द एका रंगाचा, शाई दुसऱ्याच) शाईचा रंग सांगायला 110.3. तक्त्यावर असा एकूण वेळच मिळतो. नेमकं कुठे अडलं ते कळत नाही. संगणक प्रत्येक शब्दाचा वेळ मिलिसेकंदांत देतो, चुकलेली उत्तरं वेगळी काढता येतात आणि सुसंगत (शब्द आणि शाई एकाच रंगाची) आणि विसंगत शब्द मिसळता येतात.

उत्तराची पद्धत: खरी मेख इथे आहे. बटणं दाबून उत्तर घेतलं की अडथळा बोलून दिलेल्या उत्तरापेक्षा कमी दिसतो. शिवाय कोणतं बटण कोणत्या रंगाचं हे लक्षात ठेवावं लागतं, म्हणून आधी सरावाच्या 20-30 फेऱ्या द्याच. तोंडी उत्तरासाठी माइक लावला तर खोकला किंवा 'अं...'सुद्धा उत्तर म्हणून नोंदला जातो.

तयारी: तक्त्याला स्टॉपवॉच पुरतं. फिकट पिवळी शाई टाळा, वाचताच येत नाही. रंगांधळेपणा दोन्हीकडे आधी तपासा.

वर्गात परिणाम दाखवायचा असेल तर तक्ता उत्तम. शोधनिबंधासाठी संगणकच, आणि जमल्यास तोंडी उत्तरांसह.