गोल, ओव्हल की प्रिन्सेस? साखरपुड्याच्या अंगठीचा हिरा निवडताना

मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. तुळशीचं लग्न झालं की त्याचा साखरपुडा. बजेट ठरलंय, हिरा अर्ध्या कॅरेटच्या आसपास, सोनं अठरा कॅरेटचं. अडलंय ते आकारावर. मुलीला प्रिन्सेस, म्हणजे टोकदार कोपऱ्यांचा चौकोनी हिरा आवडलाय, तिच्या आईला गोलच हवा, आणि हा स्वतः रोज रात्री ओव्हलचे, म्हणजे लंबगोल हिऱ्यांचे फोटो बघतोय. अडीच-तीन वर्षांपूर्वी मी याच तिढ्यातून गेलोय आणि एकदा घेतलेला निर्णय बदललाही आहे. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

क्लॅरिटी (आतले डाग किती) आणि कलर (रंग) याबद्दल लिहीत नाही, ते एव्हाना पाठ झालं असेल. नैसर्गिक हिरा घ्या की लॅबमधला, आकाराचा प्रश्न दोन्हीकडे तोच.

गोल हिऱ्याबद्दल वाईट बोलायला जागाच कमी. सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलूंच्या या घाटाचं गणित मार्सेल टोलकोव्स्कीने १९१९ साली मांडलं आणि त्यावर शंभर वर्षं काम होत आलंय. त्यामुळे चांगला गोल हिरा कुठल्याही उजेडात चमकतो, अगदी स्वयंपाकघरातल्या एका ट्यूबलाइटखालीसुद्धा. माझ्या ताईच्या हातात तिच्या साखरपुड्यापासून गोलच आहे. अकरा वर्षं झाली, तिने कधी तक्रार केलेली नाही. एवढंच की त्याच वजनाला गोल महाग पडतो. कच्चा हिरा बऱ्याचदा दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा असतो. त्यातून गोल काढताना अर्ध्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त माल घासण्यात जातो. प्रिन्सेसचा चौकोन त्या कच्च्या आकारात जवळजवळ तयारच बसलेला असतो, म्हणून त्यात नुकसान कमी आणि भावही कमी.

मात्र वजन सारखं असलं तरी बोटावर ते सारखं दिसत नाही. पन्नास सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटचा गोल सुमारे ५.१ मिलिमीटरचा, प्रिन्सेसची बाजू ४.४ च्या आसपास, आणि ओव्हल ६ बाय ४ च्या जवळपास भरतो. प्रिन्सेसचं बरंचसं वजन खाली, पोटात असतं. दुकानात तीन अंगठ्या शेजारी ठेवल्या की हे लगेच लक्षात येतं.

हे सगळं माहीत असूनही आम्ही प्रिन्सेसच घेतला होता. माझ्या होणाऱ्या बायकोला त्या सरळ रेषा आवडल्या होत्या, आणि खरं सांगतो, मलाही. जानेवारीत साखरपुडा झाला. त्या थंडीत ती अंगठी तिच्या हातात इतकी देखणी दिसायची की मी तिच्याशी बोलताना हाताकडेच बघायचो.

मग मार्च संपला.

नागपूरच्या उन्हात दुचाकी चालवणाऱ्या मुलींचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. सुती दुपट्टा डोक्यावरून, तोंडावरून घट्ट बांधायचा, मानेमागे आंधळी गाठ मारायची, वर गॉगल, आणि कोपरापर्यंत हातमोजे. ती मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला अ‍ॅक्टिव्हाने जायची, म्हणजे हा सगळा सोहळा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. चौकोनी हिऱ्याला चार टोकं आणि प्रत्येक टोकावर सोन्याचा एक प्रॉन्ग, म्हणजे हिरा धरून ठेवणारा आकडा. हातमोजा चढवताना आतला धागा त्यात अडकायचा. गाठ मारताना दुपट्टा अडकायचा, कधी केसही. मोजा काढायचा झाला तर आधी बोटावरची अंगठी चाचपून धागा सोडवायचा, मग मोजा. एप्रिलमध्ये तिचा तिसरा दुपट्टा दोरा निघून खराब झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “काहून रोज घालून जाते बाई, काढून ठेव ना कपाटात.”

आणि तिने ठेवली. मे महिनाभर अंगठी डबीतच होती. रोज हातात राहावी म्हणून मी ती घेतली होती, आणि ती फक्त लग्नाकार्याला बाहेर निघू लागली. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. तिने तोंडाने तक्रार केली नाही, पण तिच्या मोकळ्या बोटाकडे बघून मला वाईट वाटायचं.

जूनमध्ये ती अंगठी सराफाकडे दाखवायला नेली. त्यांनी भिंगातून पाहिलं, एका कोपऱ्यातला प्रॉन्ग केसभर उचलला गेला होता आणि त्याखाली दुपट्ट्याचा निळा धागा तसाच होता. त्यांनी समजावलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. हिरा कठीण म्हणजे त्याला ओरखडा जात नाही, पण ठोकर बसली तर तो ठरलेल्या दिशांनी दुभंगू शकतो. टोकदार कोपरा हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग. तिथला प्रॉन्ग उचललेला असेल तर उघडा कोपरा आधी मार खातो. आमच्या हिऱ्याला काही झालं नव्हतं, ते नशीब. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या प्रॉन्गने कोपरा झाकला जातो, तसं करून देतो म्हणाले. कोपरा त्याने सुरक्षित राहतो हे खरं, पण धागा अडकणं थांबेल का, असं विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बंद कोंदणाचाही विचार केला. हिऱ्याभोवती सोन्याची पूर्ण कड असली की अडकायला काही उरतच नाही, आणि आपल्या आजीच्या पिढीच्या कितीतरी अंगठ्या तशाच आहेत. पण तिच्या बोटावर घालून पाहिलं तर चौकोन आणखी लहान आणि जड वाटला. ज्यांना हा घाट आवडतो त्यांनी तो नक्की घ्यावा. तिला नाही आवडला.

मग ओव्हल. हा आकार एरवी माझ्या यादीत तिसरा होता. त्याची एक खोड ऐकून होतो: मधोमध आडवी काळी सावली, जिला बो-टाय म्हणतात. ती खरंच असते. बघणाऱ्याच्या डोक्याची सावली त्या लांबट घाटात मधल्या पैलूंमध्ये उतरते आणि तेवढा भाग विझल्यासारखा दिसतो. ती किती गडद आहे हे कागदावर कळत नाही. ताईच्या गोल हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर कटची, म्हणजे घडणीची श्रेणी छापलेली आहे, आमच्या ओव्हलच्या प्रमाणपत्रावर तशी नव्हती, नुसतं पॉलिश आणि सिमेट्री. म्हणजे डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि दुकानाच्या आत नाही. आतल्या दिव्यांखाली सगळेच हिरे चमकतात. इतवारीच्या सराफा ओळीत आम्ही अकराच्या सुमारास ट्रे घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो, ऊन थेट नाही, सावलीत. सात ओव्हल होते. हिरा हळूहळू पुढेमागे कलवत गेलो तर पाच मध्येच काळे पडत होते, दोन नव्हते. त्या दोनातला जरा भरलेला, लांबी रुंदीच्या साधारण १.४ पट असलेला घेतला. त्याहून निमुळता तिच्या बोटावर तांदळाच्या दाण्यासारखा वाटत होता.

कारागिराला दोनच गोष्टी सांगितल्या. हिरा शक्य तेवढा खाली बसवा, आणि प्रॉन्गची टोकं गोलसर घासा. डिसेंबरात लग्न झालं तेव्हा हीच अंगठी होती. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, त्यातला एक तर पंचेचाळीसच्या वरचा. दुपट्टा तोच, मोजे तेच. अंगठी हातातून उतरलेली नाही. लोकरीच्या स्वेटरमध्ये एकदोनदा अडकली, तेवढं होणारच. बोट थोडं लांब दिसतं हा जास्तीचा फायदा, आणि गोलापेक्षा पैसे कमी लागले हा आणखी एक.

म्हणून गोल घेऊ नका असं मी म्हणणार नाही. गोलालाही टोकं नाहीत, तोही खाली बसवला तर तितकाच निमूट वागेल. घरात मोठ्यांची मनं राखायची असतील, पुढे बदलून मोठा घ्यायचा विचार असेल तर गोलाइतकी बिनघोर निवड दुसरी नाही. मी आज पहिल्यांदा निवडत असतो तर मात्र सावलीत उभा राहून एक बरा ओव्हल शोधला असता. जी मुलगी चारचाकीने फिरते, हातमोजे घालत नाही, तिने प्रिन्सेस आवडत असेल तर घ्यावा. माझं गाऱ्हाणं तिला लागू नाही. आणि मन चौकोनावरच असेल पण दुचाकी रोजची असेल, तर कुशन एकदा बघा. चौकोनच, पण कोपरे वळवलेले. एमराल्ड नावाच्या आयताकृती घाटाचे कोपरेही कापलेले असतात, पण त्याचे पैलू पायऱ्यांसारखे असल्याने आतला डाग लपत नाही, त्यामुळे क्लॅरिटीवर जास्त खर्च होतो. पेअर (थेंबासारखा) आणि मार्कीझ (दोन्हीकडे निमुळता) यांना टोक आहे, तेव्हा दुपट्ट्याचं तेच.

स्वच्छतेचं एक सांगतो, ते कुठल्याही आकाराला लागू. हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन धरतो, इतका की खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले टेबल वापरत आले आहेत. हिवाळ्यात घरात पेटीभर संत्री येतात, सोलून सोलून सालीचं तेल आणि रस हिऱ्याखाली बसतो, वर थंडीचं क्रीम. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश, आठवड्यातून एकदा. प्रिन्सेसच्या कोपऱ्यांतून ते काढायला वेळ लागायचा, ओव्हलला दोन मिनिटं पुरतात.

मावसभावाला शेवटी एवढंच म्हटलं, दुकानात जाताना मुलीला तिचा रोजचा दुपट्टा आणि हातमोजे घेऊन यायला सांग. तिन्ही अंगठ्या आळीपाळीने घालू दे आणि प्रत्येकीवरून मोजा चढवून-उतरवून बघू दे. सराफ काही म्हणणार नाही. माप संध्याकाळी घ्या, दिवसभर फिरून आल्यावर. थंडीत अंगठी सैल झाली तर आतून दोन छोटे मणी लावून मिळतात, पण मे महिन्यात रुतणारी अंगठी काढायला साबण लागतो.

आमचा तो प्रिन्सेस पेंडंटमध्ये बसवून घेतला. गळ्यात त्याची चारही टोकं कशातच अडकत नाहीत.